कापसाची खोली

शाळेत आवाज मोजला, अठ्ठावन्न डेसिबल.
पत्र्यावर वानरं, शेजारी पिठाची चक्की,
आणि दुसरीचा वर्ग सातचा पाढा असा म्हणतोय
की सातला पळून जाता येऊ नये.
कॉलेजात आमची खोली आहे, वीतभर जाड दाराची,
आत स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं.
दारव्ह्यापासून चौदा किलोमीटर आत
ते दार कुठून आणायचं?

शोधा, बोबडे मॅडम म्हणाल्या.
(त्या वाचादोष शिकवतात.
आडनावावर आपण हसायच्या आत स्वतःच हसून घेतात.)

खिचडी शिजवणाऱ्या चंद्रकलाबाईंनी पळी खाली ठेवली.
"माह्या घरी चाला. आतल्या खोलीत कापूस हाये.
पोट्टे थ्यात लपले आन् ओ देल्ली,
तरी बाहीर कोनाले समजत नाई."

आढ्यापर्यंत कापूस, चढ्या भावाची वाट पाहत.
यंत्रावरचा आकडा उतरत गेला, चाळीस, पस्तीस,
एकतीसवर थांबला.
मणी आणायला मी विसरले होते;
चंद्रकलाबाईंनी ओंजळभर सरकी दिली.
शिट्टी ऐकू आली की एक सरकी वाटीत.

आरुषी तायडे, वय सात.
अगदी बारीक शिट्टीलाही सरकी. दोन्ही कान चोख.
मग शब्दयादी, शहरात बसून केलेली.
समोर चित्रं, ऐकलेलं परत म्हणायचं.
पेरू, म्हणाले मी.
तिनं पेरूवरच बोट ठेवलं आणि म्हणाली, जाम.
बोट बरोबर, शब्द चूक. फुली.
डोळा. डोया.
केळ. केय.
शंभरात अडतीस.
शिट्ट्या ऐकू येतात आणि शब्द नाहीत,
याचं पुस्तकात कारण आहे. मी ते लिहिलंही:
नसेचा दोष असावा, नागपूरला पाठवावे.

मॅडमनी कागद वाचला. बराच वेळ.
"तू मूर्तिजापूरची ना?
घरी डोळ्याला काय म्हणतेस?"

पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या आरशापुढे
दोन महिने जीभ मागे वळवत बसायचे मी,
ळ, ळ, ळ,
शायाची शाळा होईपर्यंत.

संशोधनात खोडत नाहीत.
एक आडवी रेघ, बाजूला सही, तारीख.
त्या दुपारी एकवीस मुलांच्या फुल्यांवर
मी एकशे बारा सह्या केल्या.

पूर्ण गुण एकालाच होते.
नैतिक मोहोड, तिसरी, सरांचा लाडका.
पेरू म्हणाला, डोळा म्हणाला, छापल्यासारखं.
त्याच्या शिट्ट्या तेवढ्या राहिल्या होत्या.
वीस, तीस, चाळीस. वाटी रिकामी.
पन्नास. वाटी रिकामी.
साठला पहिली सरकी पडली.

तेव्हा आठवलं, शब्द म्हणताना
तोंडापुढे कार्ड धरायचं राहिलं होतं.
आता धरलं.
पेरू, म्हणाले मी कार्डाआडून.
तो कार्डाकडे बघत राहिला,
ते बाजूला व्हायची वाट बघत,
शहाण्या मुलासारखा.

त्याची आई उंबऱ्यावर उभी होती.
"आमी म्हनो, पोट्टं शिकेल मानसावानी बोलते.
घरी समदे जाम म्हनते, हा एकटा पेरू म्हने.
आमचं बोलनं त्याच्यापावतर गेलंच नाई, मॅडम.
थे सगयं त्यानं पुस्तकातून..."
वाक्य तिथेच सुटलं. कुणी उचललं नाही.

यवतमाळला कानाच्या यंत्रासाठी तारीख मिळाली,
पुढच्या महिन्यातला दुसरा मंगळवार.
एसटीत मी हेडफोनच्या गादीतून
कापसाचे तंतू वेचत होते.
यादीच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, जाम.
खाली लिहिलं, डोया.
त्याखाली काय लिहावं कळेना.

न ऐकलेल्या शिट्ट्यांच्या सरक्या
नैतिकच्या मुठीत राहिल्या होत्या.
निघताना दिसल्या मला.
परत मागितल्या नाहीत.