रेघेची जाडी

मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते, एकतीस वर्षं.
मंगळवार पेठ, तिसरा मजला. पंखा फक्त साहेबांच्या डोक्यावर,
आमच्या टेबलावरचे कागद उडता कामा नयेत म्हणून.

शेलार पट्टी धरून नदीत उभा राहायचा,
विठ्ठलवाडीच्या खाली, गुडघाभर पाण्यात.
आकडे ओरडायचा, कुणीतरी वहीत टिपायचं,
चार दिवसांनी ती ओलसर वही माझ्याकडे यायची
आणि मी मुठा काढायचे.
तिची वळणं हाताला इतकी पाठ
की भाकरी थापतानाही बोटं
म्हात्रे पुलापाशी आल्यासारखी जराशी वळायची.

दोन रेघा असायच्या.
निळी: पंचवीस वर्षांतून एकदा पाणी इथवर येतं.
लाल: शंभर वर्षांतून एकदा.
निळीच्या आत बांधायचं नाही.
खात्यानं लिहिलेलं
हे सगळ्यात सरळ वाक्य असावं.

पण रेघेला जाडी असते.
पाच हजारास एक हे प्रमाण धरलं
तर अर्ध्या मिलिमीटरच्या पेनानं ओढलेली रेघ
जमिनीवर अडीच मीटर रुंद होते.
अडीच मीटरात एक बेडरूम बसते.
हे मला समजावून सांगितलं
एका बिल्डरकडून आलेल्या फार नम्र मुलानं.
मॅडम, म्हणाला, आमची भिंत रेघेच्या आत आहे,
बाहेर आहे, की रेघेवर?
भिंग लावून पाहिलं. रेघेवर होती.
साहेब म्हणाले, रेघेवर म्हणजे बाहेरच की.

ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडतात.
हलक्या हातानं, एकाच दिशेनं.
शाई जाते, पण कागद तिथं पातळ होतो,
उजेडासमोर धरला की दिसतो.
राजाराम पुलाच्या वरच्या अंगाला
माझ्या हातानं तो तीनदा पातळ झाला.
मी नाही म्हणाले नाही. तेही लिहून ठेवते.

साहेबांच्या पाठीमागे एक आलेख होता,
शहराच्या वाढीचा, लाल, वर वर जाणारा.
त्याला कधी कुणी खरवडलं नाही.
कागद संपला की वर दुसरा डकवायचे.
मी निवृत्त झाले तेव्हा तो छताला टेकून
पुढं आडवा, पंख्याच्या दिशेनं निघाला होता.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, आई म्हणायची.
आम्ही नदीचं अंथरूण घेतलं,
त्याला चटई निर्देशांक लावला,
आणि पाय पसरले ते आभाळात, बारा मजले.
खाली तिचं काय राहिलं?
कुशीवर वळता येईल एवढी जागा.

ऋतानं, माझ्या भाचीनं, तिथंच घर घेतलं.
वास्तूला मला बोलावलं. रिव्हर व्ह्यू, मावशी!
मी खिडकीशी गेले, झाडाशी दिशा जुळवली,
आणि गप्प श्रीखंड खाल्लं.
ज्या खोलीत पाळणा टांगला होता
ती खोली मी ओळखत होते.
माझ्या पेनाएवढी रुंद होती ती.

जुलैत रात्री अडीचला तिचा फोन.
धरणातून सोडलंय म्हणतात. पार्किंग गेलं.
किती येईल गं?
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मला कुणी नदीबद्दल थेट विचारत होतं.
जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत, मी म्हणाले.
सातवीपर्यंत आलं.

चौथ्या दिवशी फिनेल आणि खराटा घेऊन गेले.
पाळणा गच्चीत वाळत होता.
भिंतीवर गाळाची एक रेघ,
चारी भिंतींवरून, दारावरून, देव्हाऱ्याच्या मागून
कुठंही न तुटता गेलेली.
चष्मा लावून जवळून पाहिली.
अर्धा मिलिमीटर, जास्तीत जास्त.
एवढी बारीक मला कधी जमली नव्हती.

रंगारी म्हणाला, प्रायमरचे दोन हात दिले की जाईल, काकू.
पट्टी फिरवू ना?
मी ऋताकडे पाहिलं.
ती फोनवर होती, एजंटशी,
कार्पेट किती ते सांगत होती.