उत्तर न आल्यास

मॅनेजरबाईंनी विचारलं, फायरवॉल म्हणजे नेमकं काय?
मी म्हटलं, आमच्या बाबांसारखं.

बाबा पोळेच्या नाक्यावर होते, अकरा वर्षं.
पहाटे कारवारकडून मासळीचे ट्रक यायचे,
ते बॅटरी मारून नंबर, पावती, परवाना बघायचे.
मासळीत काय घातलंय ते त्यांना कळत नसे.
"हांव कितें जाणां? जाणता तो लॅबवालो."
एक बांगडा उचलायचा, कल्ल्यामागचा तुकडा कापायचा,
डबीत घालून मोटारसायकलवरून मडगावला धाडायचा.
तोवर ट्रक उभा.

इथे, काणकोणच्या पतसंस्थेतही तेच.
फायरवॉल फाइलचा पत्ता बघतो, कुठून आली ते बघतो,
पोटातलं त्याला कळत नाही.
तेराशे चव्वेचाळीस नंबरच्या दारातून
तो दूरच्या एका सर्व्हरला तिचे पहिले काही बाइट दाखवतो.
तेवढ्यावर भागलं तर ठीक,
नाहीतर निरोप येतो, उरलेलंही पाठव.
शेवटी दोनशे चार.
म्हणजे काही बदलायचं नाही, आहे तशी जाऊ दे.
मला हा आकडा आवडतो.
इतक्या थोडक्यात कुणी कुणाला निर्दोष म्हणत नाही.

आज दुपारी स्कॅनर गप्प झाला.
काउंटरवर फ्लोरिना कुलासो. नवरा जहाजावर.
त्याने पगाराची स्लिप आणि सहीचा कागद पाठवलेला,
हप्त्याचा शेवटचा दिवस.
कागद आमच्या दाराशी पोचलेला, लॉगमध्ये दिसत होता,
एकशे ब्याऐंशी केबी.
"आयलो रे?" ती दर पाच मिनिटांनी विचारी.
सेटिंगमध्ये एक ओळ आहे,
उत्तर न आल्यास: सोडा किंवा अडवा.

एकदा फेस्ताच्या दिवशी लॅब बंद होती.
ट्रकखालून बर्फाचं पाणी रस्ताभर,
ड्रायव्हर, होन्नावरचा पोरगा, रडायच्या बेतात.
बाबांनी बांबू वर केला.
घरी काही बोलले नाहीत,
पण महिनाभर आमच्याकडे मासळी शिजली नाही
आणि फोन वाजला की ते दचकत.

मी सोडलं नाही. अडवूनही ठेवलं नाही.
जुना लॅपटॉप काढला, त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती,
त्यावर कागद उतरवला आणि स्वतः उघडला.
स्लिप बरोबर. सही बरोबर.
सहीखाली रोमीत दोन ओळी होत्या,
बँकेसाठी नव्हत्या त्या:
फ्लोरी, हप्ता भर.
मी परत येतोय असं आईला सांगू नकोस.

छापताना मी तेवढा भाग झाकला.
तिने पैसे भरले, "देव बरें करूं" म्हणाली,
शेवटची बस पकडायला धावत गेली.

साडेआठला स्कॅनर जागा झाला.
रांगेतल्या फाइली एकेक करून तपासल्या,
तिचीही.
दोनशे चार.