गरम झाल्यावर

इलाही मिस्त्री डबा पाठवतो पिशवीत बांधून,
सोबत चिठ्ठी: ‘थंड चालू. गरम बंद. बघ.’
एवढंच. त्याला वाक्यं परवडत नाहीत.

काडेपेटीहून थोडा मोठा, काळा,
खाली पाच पिना, वर कंपनीचं पुसलेलं नाव.
आत काय आहे ते कुणाला दिसू नये
म्हणून राळ ओतून बुजवलेला.
एकोणनव्वदची गाडी, सहा व्होल्टची.
असला नवा मिळत नाही,
मिळतो तो दोन महिन्यांत जातो,
म्हणून पिशव्या येतात विडी घरकुलात, माझ्या उंबऱ्यावर.

गाडी हत्तुरेकाकांची.
दहा-बारा मिनिटं शहाण्यासारखी पळते
आणि अक्कलकोट रोडला, रसवंतीसमोर,
रोज त्याच जागी मान टाकते.
प्लग बदलला. कॉइल बदलली.
टाकी उतरवून धुतली.
हँडलला लिंबू-मिरची बांधली.
“तिथंच बंद पडलालीय बघ पोरी,
जागेतच काय तर आहे.”

तिथं बारा मिनिटं आहेत, काका.
घरापासून निघून
डबा तापायला लागतात तेवढी.

माझ्याकडे भारी यंत्रं नाहीत.
शिलाई मशिनची मोटर, तिला जोडलेलं जुनं मॅग्नेट,
एक कॉइल, एक प्लग, पत्र्याला टेकवलेला.
डबा लावला, मोटर फिरवली:
टक् टक् टक् टक्,
निळी, कोरडी ठिणगी.
मग डबा नेऊन छपरावर ठेवला.
मे महिना, दुपारचे दोन.
सोलापूरचं ऊन हे माझं सगळ्यात जुनं मीटर,
त्याला सेल लागत नाहीत.
फडक्यात धरून खाली आणला.
ठिणगी पिवळी.
मग एक आड एक.
मग मोटर नुसतीच भुणभुणते.
माठाचं ओलं फडकं गुंडाळलं,
पन्नासपर्यंत मोजलं.
टक्.

आईचा तवा मी मागत नाही, घेते.
मंद आचेवर राळ मऊ होते, घाण वास सुटतो,
आई तेलुगूत मला आणि माझ्या डिप्लोम्याला
एकाच दमात शिव्या घालते.
पानं कापायची तिची जुनी कात्री,
तिच्या टोकानं कोरत जायचं
तांदळाच्या दाण्याएवढं,
पुन्हा तांदळाच्या दाण्याएवढं.
घाई केली की आतली तार तुटते.
कुंभारीच्या एका पोराचा डबा तुटला होता माझ्या हातून.
त्याला तसं सांगितलं.
तो काही बोलला नाही, गाडी ढकलत गेला.

कपॅसिटर ठीक.
(त्यानं एकदा मला भिंतीवर आपटलंय,
तेव्हापासून आधी त्याला रिकामा करते,
मग ओळख काढते.)
थायरिस्टर ठीक. डायोड ठीक.
तासभर भिंग, घाम, पुन्हा भिंग.
मग एका पायाभोवती, कथिलात,
गोल चीर, केसाहून बारीक.
थंड असताना कडा टेकलेल्या.
तापलं की कडा सुटतात
आणि हत्तुरेकाका रसवंतीसमोर.

जुनं कथिल ओढून काढलं, नवं दिलं.
आई वाकून बघते, “एवढंच?”
मग स्वतःच म्हणते, “दोरा सैल होता म्हण की.”
चाळीस वर्षं हजाराच्या हिशोबानं विड्या वळल्यात तिनं,
एक दोरा सैल निघाला की कारखान्यात छाट.
मी कॉलेजात तीन वर्षं जे शिकले
ते तिला चार शब्दांत जमलं.

डबा बुजवला. छपरावर तीन तास.
टक् टक् टक् टक्.
एकशेवीस सांगितले, इलाहीनं वीस कापले.

आठ दिवसांनी काका आले.
“गाडी थांबत नाही गं आता,”
तक्रार केल्यासारखं म्हणाले.
रसवाला ग्लास भरून हात करतो,
तोवर हे पुढच्या चौकात.
वळून यावं लागतं.
लिंबू-मिरची अजून तशीच, वाळून काळी.

उंबऱ्यावर नवी पिशवी. चिठ्ठी: ‘पावसात बंद.’
आता पावसाळ्यापर्यंत थांबू का, इलाहीभाई?
की बादली घेऊ?
पाणी तर परवा येणार.

आई नखानं कात्रीची राळ खरवडत बसलीय.