फाट्याला टांगलेली डबी

पौषात टांगली फाट्याला
चुन्याच्या डबीपेक्षा जराशी मोठी डबी.
पुस्तकलाबाईनं विचारलं, यात कॅमेरा हाये का?
म्हटलं, फिल्म आहे. पण फोटो तुमचा नाही,
घरातल्या हवेचा.

ती हसली. सूप मांडीवर ओढलं.
हजार बिड्या व्हायच्या होत्या दिवेलागणीपर्यंत.
खिडकीत पोतं कोंबलेलं:
उघडली का जर्दा उडते, बाई, पान वाळते.

सारवणाखाली मुरूम, मुरुमाखाली खडक.
खडकात काहीतरी झिजत असतं
आपल्या आधीपासून.
त्याचा उसासा म्हणा. वास नाही, रंग नाही.
भेगेतून वर येतो
आणि दार लावलं की घरचाच होतो.

होळीनंतर प्रयोगशाळेत
लालसर फिल्मवर उजेडाची भोकं मोजली.
एक भोक, एक फुटलेला अणू.
दोनदा मोजली. आकडा तोच.
तिचा नवरा पायरीवर
तिच्याच हातची बिडी ओढतो;
त्याच्या छातीत ही बेरीज नाही,
गुणाकार आहे.
हे कसं सांगायचं, साकोलीच्या बसमध्ये ठरेना.

भेगा लिंपा, म्हटलं. खिडकी उघडी ठेवा.
किती वेळ?
दिवसभर.
मंग हजार कोण करन, तू?

तरी उठली. पोतं ओढून काढलं.
झळ आत आली, जर्दा उडाला,
तिघंही शिंकलो.
तिनं पोतं पुन्हा लावलं,
दोन बोटं जागा सोडून.

वहीत त्याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं:
खिडकी, दोन बोटं.