चेकमेक

जावयाने पाठवलेलं पुस्तक, पान एकेचाळीस,
वर ठळक: चेकमेक.
मला वाटलं बँकेतला चेक,
आणि पहिलं वाक्य खरंच पैशांचं निघालं,
मशिनमधून काढायचे, ते चेकमेक.
म्हटलं, सोपं आहे.

पुढच्या वाक्यात दात.
मग पडदा, मग फोटो,
मग धुतल्यावर आखडलेला स्वेटर,
तोही चेकमेक करतो, बिचारा, आपला आपण.
मी वहीत समोर लिहीत गेलो:
काढणे, उपटणे, सरकवणे, आटणे.
वही भरली, डोकं रिकामंच.
कुंदा मटार सोलत होती. म्हणाली,
आठवडा झाला एकाच शब्दावर बसलाय,
अंडी उबवताय का?

बत्तीस वर्षं वीज मंडळात होतो.
रबाळे, महापे, पार तुर्भ्याच्या खाणींपर्यंत
चर खणलेले, ड्रम जॅकवर चढवलेला,
बामा मढवी पुढून ओरडायचा, हैशा!
आणि आम्ही अकरा जण ओढायचो.
पान बेचाळीसच्या तळाला, बारीक अक्षरात:
काब्लो चेकमेक.
चष्मा पुसला.
काब्लो. केबल.
अरे, हे तर माझंच काम.

सगळी वही खोडली, एकच ठेवलं: ओढणे.
खात्यातून पैसे ओढ, हिरडीतून दात,
फोटोतही माणसाला उभ्या जागेवरून
कागदावर ओढूनच आणायचं.
आणि स्वेटर स्वतःला आत ओढून घेतो,
लेक फोन ठेवते तेव्हा मी घेतो तसा.

दुःखही तिकडे ओढावं लागतं.
दुःखाला म्हणतात आजी, म्हणजे जवळजवळ आजीच,
शेवटचा स्वर तेवढा घशात गिळायचा.
हे सांगितलं तर कुंदा दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी विचारलं, मग आजोबाला काय?
देदे.
वाटलंच, म्हणाली. सारखा मागणारा.

रविवारी आमचे चार, इझमीरला दीड.
देफ्ने, वय अडीच, फरशीवर,
सोफ्याखाली अडकलेली चार्जरची वायर ओढत होती,
टाचा रोवून, अंग मागे टाकून,
कुणी शिकवल्यासारखी रीतसर.
विहीणबाई हसल्या, माझ्याकडे बोट करून म्हणाल्या,
देदेसिने चेकमिश.

बाबा, थांबा, सांगते, भाग्या म्हणाली.
नको, म्हटलं.
आजोबाकडे ओढली गेलीय.
त्यातला मिश पान साठवर आहे:
घडताना कुणी पाहिलं नाही,
आता खुणेवरून कळतंय.
कुठल्या चरातून आली ही लाइन,
मध्ये किती देश, जॉइंट कुठे मारले,
मंडळाच्या एकाही नकाशात नाही.

तेवढ्यात चित्र थिजलं.
तिची मूठ वायरीवर तशीच,
आवाज तुटत तुटत: चेकमियोर... चेकमियोर...
काय म्हणतायत? कुंदाने विचारलं.
नेटवर्क. ओढत नाहीये.
तिकडून की इकडून?

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो,
ऐरोलीच्या खाडीच्या अंगाला,
तिथे दोन काड्या जास्त येतात.