तलाठ्याची झालर

आमच्या पोपटाचं नाव तलाठी,
कारण कागद दिसला की त्यावर शिक्का मारतो.

मृगबहाराच्या तोडणीत सापडला,
जाळीत अडकलेला, उजवा पंख वाकडा.
वनरक्षक वहीत नोंद करून गेले,
म्हणाले, पंख जुळेस्तोवर ठेवा.
पंख जुळेना,
आणि खाणं काही थांबेना.

पिंजरा माझ्या शिलाई मशीनच्या वर, आढ्याला.
पेरूची फोड: एक चावा, बाकीची भिंतीवर.
हिरवी मिरची: बी त्याचं, साल माझ्या वेणीत.
भिजवलेला हरभरा तर एकेक दाणा
असा फिरवून पाहणार,
जसा सोनार मोडीतली नथ पाहतो,
आणि टाकून देणार.
ज्या दिवशी डाळिंब दिलं
त्या दिवशी दुकान खाटकाचं वाटलं.

त्या डाळिंबानंच घात केला.
बेनोड्याच्या इंदूताई कोहळ्यांच्या पोरीचा
लग्नातला ब्लाउज, मोतिया रंगाचा,
पाठीवर तीन ठिपके.
मीठ चोळलं, लिंबू चोळलं,
शेवटी तिन्ही ठिपक्यांवर तीन टिकल्या टाचल्या
आणि सांगितलं, नवीन डिझाइन आहे.
जास्तीचे पैसे नाही घेतले,
एवढी मी प्रामाणिक.

मग उपाय.
वाटी खाली बांधली, तो वाटीतच उभा राहिला.
जड वाटी आणली,
तर भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून बुडवून
पाण्याचा घाटा केला.
थोडंथोडं दिलं, सकाळी एकदा, दिवस कलताना एकदा,
तर दुपारी असा ओरडला
की चक्कीचा पट्टा तुटला समजून
शेजारचे परतेकी धावत आले.
खाली पेपर अंथरला.
शिक्के.

नथ्थूजी उईके पँटची शिवण घालायला आले होते.
आयुष्य बागांत गेलेला माणूस,
झाडाखाली उभं राहून वर पाहायची सवय.
म्हणाले,
"झाडावर काय थो पंगतीत बसते का बाई?
एक चावा घ्याचा, फेकाचा.
खाली खार हाय, मुंगी हाय, रानडुक्कर हाय.
थ्याले वाटते,
तूबी खालतंच राहतं."

मी खालीच बसते, हे खरं आहे.

सोमवारी लाइट नव्हती, मशीन पायाची.
कात्रणांचं बोचकं सोडलं,
पिंजऱ्याला टेप लावला:
कंबर अडतीस, उंची अकरा.
मापाच्या वहीत नाव लिहिलं, तलाठी.
सतरा तुकड्यांची झालर, वर इलॅस्टिक,
खाली झोळ, सालं झेलायला.

बाया पाहायला आल्या, आणि पंचाईत झाली.
"हा तं माह्या डोहाळजेवणाचा!"
"आन् हा जांभळा? मले तं म्हणे
कापड पुरलं नाही, बाही आखूड होईन!"
मी तोंडात टाचण्या धरल्या.
तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही,
हा शिंप्याच्या धंद्यातला मोठाच फायदा.
वर तलाठी म्हणाला, "आखूड! आखूड!"
त्याला एवढा एकच शब्द येतो,
आणि तो माझ्याकडूनच शिकलेला.

आता दिवेलागणीला झालर सोडते,
पायरीवर झटकते.
चिमण्या आधी येतात, मग खार.
फोड बारीक केली तर कमी सांडतं, हे कळलं.
डाळिंब फक्त अमावास्येला, कारण तेव्हा दुकान बंद.
झालरीचे टाके तो आठवडाभर उसवतो,
शनिवारी मी पुन्हा घालते.
कोण कोणाला वळण लावतंय
ते विचारायला कोणी येत नाही.

परवा कोहळ्यांच्या पोरीचा फोन आला, सासरहून.
"मावशी, ब्लाउज टोचत होता पाठीत.
अस्तर उसवलं तं करडीचं बी निघालं.
याचं काय करू?"

वर पाहिलं.
एका पायावर, अर्धा डोळा मिटून,
चोचीला टरफल तसंच.

म्हटलं, अंगणात टाक.