दुभाष्याचे मानधन रुपये सातशे

सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात बॅनर:
‘संवाद – आदिवासी बांधवांशी’.
बांधव गेटवर, पाऊण तास,
पासवर शिक्का नव्हता म्हणून.
रात्रभर एस.टी.त अवघडून आलेले एटापल्लीकडचे लोक
गोंड राजानं बारा खेडी जोडून वसवलेल्या शहरात
शिपायाला आधार कार्ड दाखवत होते.

मी दुभाषा.
माझी गोंडी आत्याकडून आलेली,
ती गेल्यापासून वापरात नाही.
गंजल्या कुलपासारखी, आधी दोनदा
नुसतीच फिरवावी लागते.

उपायुक्त चांगला माणूस, हे नमूद करतो.
हातातला कागद बाजूला ठेवून म्हणाला,
‘तुमच्यावर आजवर जे अन्याय झाले
त्याबद्दल शासनाला खेद आहे.’
आणि माझ्याकडे पाहिलं.

खेद.
कूलर घरघरत होता.
आत्याचं सगळं बोलणं मी उलटंपालटं केलं.
तिला राग यायचा, भूक लागायची, लाज वाटायची,
बैल मेला तेव्हा ती तीन दिवस बोलली नव्हती.
खेद मात्र तिला कधी झालाच नव्हता.
शेवटी सांगून टाकलं:
सरकारच्या पोटात दुखतंय.

कुम्मे पुंगाटी उठली.
कनवटीची गाठ सोडून
बोटाएवढी वाळकी मुळी
संत्रा बर्फीच्या बशीशेजारी ठेवली.
उगाळून घ्यायला सांग, म्हणाली, उपाशीपोटी.
आणि विचार त्याला, कधीपासून दुखतंय?
डोंगर मोजायला माणसं आली तेव्हापासून
की आज सकाळपासून?

‘काय म्हणतात बाई?’

आभार मानतात, मी म्हटलं.

इतिवृत्तात आलं: सकारात्मक चर्चा झाली.
मुळीचा उल्लेख नाही.
सफाईवाल्या बाईनं बशीसोबत उचलली असेल.

संध्याकाळी गणेशपेठच्या स्टँडवर
त्यांना गाडीत बसवून द्यायला गेलो.
खिडकीतून कुम्मेनं विचारलं,
तू किती देवांचा?
सहा.
मग भाऊच की, म्हणाली,
आणि मोहाचा अर्धा लाडू हातावर ठेवला.
झाली पडताळणी.
पणजोबाचा दाखला नाही, महसुली पुरावा नाही,
नात्याचं वंशवृक्ष-शपथपत्र नाही.

माझी स्वतःची फाईल गिरीपेठेत आहे.
अकरावं वर्ष. त्रुटीपूर्ततेसाठी.

गाडी मागे येऊ लागली तेव्हा मी तोंड उघडलं,
म्हणजे सांगणार होतो,
तुझा प्रश्न मी त्याला विचारलाच नाही.
कुलूप फिरेना.
नुसता हात हलवला.
तिनंही हलवला,
पोटावर ठेवून, मग माझ्याकडे बोट करून,
काहीतरी विचारल्यासारखा.